उन्हाळी, कल्चरची बाटली आणि चौदा गोळ्या

आमच्या घरात लघवीच्या इन्फेक्शनला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटणं आणि गेल्यावर चार थेंब. माझी आई यावर धन्याचं पाणी द्यायची, सासूबाई सब्जा भिजवतात. लहानपणी तेवढ्यानं भागायचं. मी आता ५१ वर्षांची आहे, बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला राहते आणि शाळेत शिकवते. ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ या सात महिन्यांत मला चार वेळा उन्हाळी लागली. बायका या विषयावर बोलत नाहीत. मीही बोलले नाही, म्हणूनच एवढं लांबलं. आता सविस्तर लिहिते.

पहिली वेळ नवरात्रातली. आमच्या शेरीचा गरबा रात्री बारापर्यंत चालायचा, जवळ स्वच्छ बाथरूम नाही, म्हणून मी संध्याकाळपासून पाणीच कमी प्यायचे. सातव्या माळेला जळजळ सुरू झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला हळू आवाजात सांगितलं, त्यानं सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या कापून दिल्या. चिठ्ठी मागितली नाही, मीही दिली नाही. तीन दिवसांत बरं वाटलं आणि मी ते विसरून गेले.

दुसरी वेळ वासी उत्तरायणाची, म्हणजे जानेवारीतल्या पतंगांच्या सणाच्या दुसऱ्या दिवसाची. दोन दिवस गच्चीवर, उंधियू, चिक्की आणि पाण्याचा पत्ता नाही. या वेळी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासणी न सांगता सेफिक्झिम हे दुसरं अँटिबायोटिक पाच दिवसांसाठी लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली आणि पोट बिघडलं, म्हणून मी गोळ्या बंद केल्या. उरलेल्या चार गोळ्या देवघराच्या खालच्या खणात ठेवल्या. पुन्हा लागल्या तर असू देत, असा विचार.

तिसरी वेळ महाशिवरात्रीनंतरची. ८ मार्च २०२४, शुक्रवार. उपवास होता, आणि संध्याकाळी सूरसागर तलावाकडे शिवजी की सवारी ही मिरवणूक बघायला आम्ही गर्दीत तीन-साडेतीन तास उभे होतो. शनिवारी पहाटे उठले तेव्हा ओटीपोटात कळ होती आणि लघवीत किंचित लाल रंग. तो रंग बघून हातपाय गार पडले. हे म्हणाले, “त्या जानेवारीतल्या गोळ्या आहेत ना, घे एक.” मी पाण्याचा पेला हातात घेतला होता. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा नेहमीचा सकाळचा फोन आला. ती फार्मसी शिकली आहे. ती म्हणाली, “आई, गोळी तोंडात घालू नकोस. आधी लघवी तपासायला दे. एक गोळी जरी घेतलीस तरी कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, कदाचित काही उगवणार नाही, आणि मग कुणालाच कळणार नाही की तुला काय झालंय.”

त्याच दिवशी ११ वाजता स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नंबर लागला. फी ६०० रुपये. डॉक्टर गुजराती, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी चार प्रश्न विचारले: ताप आहे का, थंडी वाजते का, पाठीत बरगड्यांखाली दुखतं का, उलटी होते का. चारही उत्तरं ‘नाही’. हे प्रश्न का विचारले ते त्यांनी उलगडून सांगितलं, ते मला फार महत्त्वाचं वाटलं. जंतू मूत्राशयातच असतील तर तोंडानं घ्यायच्या साध्या औषधानं काम होतं. ते वर किडनीपर्यंत चढले असतील तर ताप-थंडी येते, आणि मग औषधही वेगळं आणि घाईही वेगळी. पाळी कधी थांबली हेही विचारलं. दोन वर्षांपूर्वी. मग म्हणाल्या, “बेन, सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर आम्ही त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतो. तुमचं तर सहा महिन्यांच्या आत तिसऱ्यांदा आहे. आता अंदाजानं चालणार नाही.”

चिठ्ठीवर लिहिलं: लघवीची साधी तपासणी, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे जंतूंवर कोणतं औषध चालतं ते, किडनीचं काम बघायचं क्रिएटिनिन, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी, आणि सोनोग्राफी. खाली औषध: नायट्रोफ्युरॅन्टॉइन १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, पाच दिवस. आणि त्याच्यापुढे पेनानं गोल करून: ‘सॅम्पल दिल्यावरच सुरू’.

इथे पहिला घोळ झाला. जवळच्या कलेक्शन सेंटरवर गेले, त्यांनी बाटली दिली आणि बाथरूमकडे बोट दाखवलं. कशी भरायची ते कुणी सांगितलं नाही. मी पहिल्या धारेपासूनच भरली. बाटली दिली तेव्हा पावणेएक वाजला होता. काउंटरवरच्या मुलानं ती लेबल लावून टेबलावरच्या स्टँडमध्ये ठेवली. मुख्य लॅबचा माणूस चार वाजता येऊन घेऊन जातो, असं त्यानं सांगितलं. मार्चमधलं बडोद्याचं ऊन, पंखा फिरतोय आणि माझी बाटली टेबलावर. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. कल्चरचे ६५० आणि साध्या तपासणीचे १५० रुपये भरून मी घरी आले.

सोमवारी संध्याकाळी फोन आला: मिश्र वाढ आहे, म्हणजे एकाहून जास्त प्रकारचे जंतू उगवलेत, सॅम्पल दूषित झालेलं दिसतं, पुन्हा द्या. मी रडकुंडीला आले. शनिवार रात्रीपासून माझ्या चार गोळ्या पोटात गेल्या होत्या. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, आता औषध सुरू असताना पुन्हा देण्यात अर्थ नाही, बरं वाटतंय ना, कोर्स पूर्ण करा, पुन्हा झालं तर आधी कल्चर.

त्या पाच दिवसांत मी केलेल्या चुका सांगते. रविवारी सकाळची गोळी नुसत्या चहाबरोबर घेतली, अर्ध्या तासात मळमळून आलं. हे औषध भरल्या पोटी घेतलं की मळमळ कमी होते, शिवाय ते अंगी जास्त लागतं. दुसरं, लघवीचा रंग गडद पिवळा, जवळजवळ काळ्या चहासारखा झाला. मला वाटलं पुन्हा रक्त. तो औषधाचाच रंग होता, निरुपद्रवी. हे आधी माहीत असतं तर रविवारची दुपार रडत काढली नसती. तिसरी चूक मोठी. घरात जळजळ कमी करायचं गुलाबी सायरप होतं, सायट्रेटचं, लघवी अल्कलाइन करणारं. ते मी दिवसातून तीनदा घेत होते. कुणाला विचारलं नाही, कारण ते मला औषध वाटतच नव्हतं, सरबतासारखं वाटायचं. आणि चौथी, बुधवारी शाळेत शेवटच्या तासाला बदली लागली, घरी येईपर्यंत रात्र झाली आणि संध्याकाळची गोळी राहिली. गुरुवारी सकाळी शेवटची घेतली, एक पट्टीत उरली.

१८ मार्चला सोनोग्राफी. खर्च ११०० रुपये. इथे बायकांना एक सूचना करते. ‘ब्लॅडर फुल’ करून यायला सांगतात, लिटरभर पाणी पिऊन बसावं लागतं. माझा नंबर दीड तास पुढे गेला. नुकतंच इन्फेक्शन होऊन गेलेल्या बाईला तो दीड तास म्हणजे शिक्षा आहे. काउंटरवर स्पष्ट सांगा की त्रास आहे, मी सांगितल्यावर त्यांनी दोन नंबर आधी घेतलं. आधी भरल्या मूत्राशयाची, मग जाऊन आल्यावर पुन्हा, किती लघवी आत उरते ते बघायला. माझी २० मिलिलिटर उरली, म्हणजे ठीक. खडा नाही, किडन्या नॉर्मल. क्रिएटिनिन ०.८. एचबीएवनसी ५.९, म्हणजे डायबिटीस नाही, पण उंबरठ्यावर.

आणि तरीही ७ एप्रिलला, रविवारी दुपारी, तीच कळ परत आली. पाडवा दोन दिवसांवर, गुढीची काठी धुऊन ठेवलेली, श्रीखंडासाठी चक्का बांधलेला. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. वेदनेपेक्षा भीती जास्त होती, की हे आता कधीच जाणार नाही.

या वेळी देवघराच्या खणाकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सोमवारी सकाळी साडेसातला अशा लॅबमध्ये जायला सांगितलं जिथे कल्चर तिथेच लावतात, बाहेर पाठवत नाहीत. तिथल्या मावशींनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. आधी हात धुवायचे. मग जागा साध्या पाण्यानं समोरून मागे धुवायची, साबण नाही, डेटॉल नाही. पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडायची. झाकण आतली बाजू खाली करून ठेवायचं नाही, त्या बाजूला बोट लावायचं नाही. अर्धी बाटली पुरे. घरून आणायची असेल तर तासाभरात पोचवा, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा. फॉर्मवर एक रकाना होता: गेल्या काही दिवसांत अँटिबायोटिक घेतलं का, कोणतं. मी ऑक्टोबरपासूनचं सगळं लिहिलं. तो रकाना रिकामा सोडू नका. कल्चर ७०० रुपये.

डॉक्टर म्हणाल्या, ताप नाही, तर रिपोर्ट येईपर्यंत थांबता येईल का? दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या. ताप, थंडी, पाठीत दुखणं यातलं एकही झालं तर रात्री दोन वाजतासुद्धा फोन करा आणि वाट बघत बसू नका. मी हो म्हटलं. गरोदर बाई, डायबिटीस असलेली किंवा लहान मूल असतं तर त्यांनी असं थांबवलं नसतं, हेही त्यांनी सांगितलं, म्हणून माझं बघून कुणी स्वतःच्या मनानं थांबू नये.

पाडव्याचा दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. गुढी उभारताना मी दोनदा खाली बाथरूमला गेले. कडुनिंबाची पानं चावताना डोळ्यांत पाणी आलं, ते कडूपणानं नव्हतं. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, त्यांनी काही न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “अगं, श्रीखंड मी घोटते, तू पड.” हातांना कंप आहे त्यांच्या, तरी घोटलं.

बुधवारी १० एप्रिलला संध्याकाळी सहा वाजता मोबाइलवर रिपोर्ट आला. ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त. खाली ईएसबीएल पॉझिटिव्ह. त्याखाली औषधांची लांब यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर. सेफिक्झिमपुढे आर. को-ट्रायमॉक्साझोलपुढे आर. तोंडानं घ्यायच्या औषधांत फक्त दोघांपुढे एस होता: नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि फॉस्फोमायसिन. बाकीचे एस होते ते इंजेक्शनं, त्यांतली काही हॉस्पिटलात सलाइनमधून देण्याची. मी ती यादी कितीतरी वेळ बघत राहिले. ऑक्टोबर आणि जानेवारीत ज्या दोन औषधांवर मी विसंबले, नेमक्या त्यांच्यापुढेच आर.

साडेसातला दवाखान्यात. डॉक्टरांनी ईएसबीएलचा अर्थ सांगितला: हे जंतू असं एन्झाइम बनवतात जे सेफिक्झिमच्या घराण्यातली औषधं फोडून टाकतं. नायट्रोफ्युरॅन्टॉइन वेगळ्या घराण्यातलं, आणि जुनं, १९५३ पासून वापरात आहे. ते रक्तात जेमतेम टिकतं आणि लघवीत मात्र भरपूर उतरतं. म्हणून मूत्राशयाच्या इन्फेक्शनला चालतं आणि किडनीच्या इन्फेक्शनला चालत नाही. आणि ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे सत्तर वर्षांनंतरही बऱ्याच ई. कोलायना त्यातून सुटायची वाट सापडलेली नाही.

मग मी विचारलं, औषध लागू पडतंय तर मार्चमध्ये घेऊनही परत का झालं? त्यांनी मला एकेक विचारायला सुरुवात केली. मी राहिलेली गोळी सांगितली. सायरप सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “बेन, हे औषध आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं. तुम्ही एकीकडून औषध घेत होतात आणि दुसरीकडून लघवी अल्कलाइन करत होतात. याच्याबरोबर ते सायरप नाही चालत. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेटवालं अ‍ॅसिडिटीचं औषधही नाही, त्यानं हे शोषलंच कमी जातं.” परत होण्यामागे तेवढंच कारण असेल असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्या दिवसापासून सायरप घरातून गेलं.

फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच पुडी असते, पाण्यात विरघळवून रिकाम्या पोटी, रात्री झोपताना लघवी करून मग प्यायची. एका डोसात काम. मला तीच हवी होती, मी तसं म्हटलंही. डॉक्टर म्हणाल्या, “ती आपण राखून ठेवू. दोनच पत्ते आहेत आपल्या हातात, दोन्ही आज टाकायचे नाहीत.” तेव्हा मला त्या यादीचा खरा अर्थ पोचला. नंतर मी वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेनं अँटिबायोटिकांचे अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह असे तीन गट केले आहेत. नायट्रोफ्युरॅन्टॉइन पहिल्या गटात आहे. मेडिकलवाल्यानं मला चिठ्ठीशिवाय दिलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मी अर्ध्यावर सोडलेलं सेफिक्झिम, दोन्ही जपून वापरायच्या दुसऱ्या गटात.

नायट्रोफ्युरॅन्टॉइन, या वेळी सात दिवस, चौदा गोळ्या, १७० रुपये. या दुकानदारानं चिठ्ठी मागितली, शिक्का मारला, बिल दिलं. पट्टीवर उभी लाल रेघ होती. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हे आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्ये मोहीम काढून सांगितलं होतं. इतक्या वर्षांत मी ती रेघ पट्टीची नक्षी समजत होते.

सात दिवस मी असे काढले. मोबाइलवर सकाळी साडेआठ आणि रात्री साडेआठचा गजर. वरण-भात पोटात गेल्याशिवाय गोळी नाही. पट्टीच्या मागे पेनानं तारखा लिहिल्या. शाळेत तीन दिवसांची वैद्यकीय रजा टाकली, त्याला डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि हजर होताना फिटनेस, दोन्ही लागली. दोन्हींचे कागद पहिल्या भेटीतच मागून घ्या, नाहीतर दुसरी फेरी पडते. आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च बसत नाही, त्यामुळे मार्च-एप्रिल मिळून साडेपाच हजारांच्या आसपास खिशातून गेले. दुसऱ्या दिवशी रात्री पहिल्यांदा सलग पाच तास झोप लागली. चौथ्या दिवशी जळजळ पूर्ण गेली. गोळ्या चौदाच्या चौदा घेतल्या.

मधल्या काळात सासूबाई म्हणाल्या, “मलाही जरा वास येतो लघवीला, तुझ्यातली एक दे.” मी दिली नाही. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, आणि किडनी अशक्त असेल तर हे औषध लघवीत पुरेसं उतरत नाही, उलट अंगात साठून त्रास होतो. जी सिक्स पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांना आणि गरोदरपणाच्या अगदी शेवटच्या दिवसांतही ते देत नाहीत. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. जळजळ नाही, ताप नाही, म्हणून त्यांनी तपासणीच करायची गरज नाही असं सांगितलं. वयस्कर माणसांच्या लघवीत त्रास न देणारे जंतू असू शकतात, त्यांना औषध द्यायचं नसतं. कोर्सनंतर मलाही पुन्हा कल्चर करू नका म्हणाल्या, त्याच कारणानं.

मी विचारलं होतं, रोज एक छोटी गोळी सहा महिने घेतली तर परत होणार नाही ना? तशी पद्धत आहे, पण हे औषध लांबवर घेतलं तर क्वचित फुप्फुसांवर, लिव्हरवर आणि नसांवर परिणाम होतो, खोकला, धाप, हातापायाला मुंग्या येतात, त्यामुळे आधी दुसरं करून बघू, असं त्या म्हणाल्या. दुसरं म्हणजे योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम. पाळी गेल्यावर तिथली चांगली जंतुसंपदा कमी होते आणि ई. कोलायला रान मोकळं मिळतं. त्यांनी आधी स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास विचारला. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. हे ऐकताना मला लाज वाटली, आता लिहिताना वाटत नाही. माझ्या वयाच्या कितीजणी वर्षानुवर्षं सिप्रो गिळत असतील आणि त्यांना या क्रीमचं नावही कुणी सांगितलं नसेल.

शाळेत सुपरवायझर बाईंना सरळ सांगितलं की मला तिसऱ्या तासानंतर पाच मिनिटं हवीत. त्यांनी वेळापत्रकात करून दिलं. आणखी दोघी शिक्षिकांनी नंतर माझ्याकडे येऊन हळूच डॉक्टरांचा नंबर घेतला.

ऑगस्टमध्ये एकदा किंचित जळजळ झाली. सकाळी साडेसातला त्याच लॅबमध्ये, त्याच मावशी. रिपोर्ट आला: वाढ नाही. दोन दिवस पाणी नीट प्यायले, थांबलं. एकही गोळी लागली नाही. त्या वर्षीच्या नवरात्रात नऊही रात्री गरब्याला गेले, पाण्याची बाटली घेऊन, आणि शेरीतल्या एका काकूंना आधीच विचारून ठेवलं होतं की मध्येच तुमचं बाथरूम वापरू का. त्या म्हणाल्या, “अगं, दार उघडंच ठेवते.”

देवघराच्या खालच्या खणात आता उरलेल्या गोळ्या नाहीत. तिथे कल्चरची एक सीलबंद बाटली आहे आणि तिच्याखाली १० एप्रिलचा रिपोर्ट घडी करून ठेवला आहे. पुढच्या वेळी कुणाही डॉक्टरांकडे गेले तर सगळ्यात आधी तोच टेबलावर ठेवायचा आहे.